हुकूमशहांची कर्जं जनतेच्या माथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवैध राष्ट्रीय कर्ज म्हणजे नेमकं काय?

एखाद्या देशात हुकूमशहा सत्तेवर असतो. तो देशाच्या नावानं परदेशी बँकांकडून, सरकारांकडून आणि जागतिक वित्तसंस्थांकडून कर्ज उचलतो. त्यातला बराच पैसा त्याच्या परदेशी खात्यांत, बगलबच्च्यांच्या कंपन्यांत किंवा लोकांवरच रोखायच्या बंदुकांवर जातो. पुढे तो मरतो, पळतो किंवा लोक त्याला हाकलून देतात. करारावर नाव देशाचं असल्यामुळे हप्ते मात्र चालूच राहतात आणि ज्यांना कर्ज काढताना कोणी विचारलं नव्हतं, त्यांच्या करातून ते फेडले जातात.

अशा कर्जाला इंग्रजीत 'ओडियस डेट' म्हणतात. १९२७ मध्ये अलेक्झांडर सॅक या कायदेपंडितानं पॅरिसहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कल्पनेची मांडणी केली. तिचा सारांश तीन कसोट्यांत सांगितला जातो: कर्जाला जनतेची संमती नव्हती, त्याचा जनतेला फायदा झाला नाही, आणि देणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. सॅक क्रांतिकारक नव्हता. तो रशियातून बाहेर पडलेला जाणकार होता आणि राज्य बदललं तरी देशाचं कर्ज पुढच्या सरकारनं फेडलंच पाहिजे, हे त्याचं मूळ मत होतं. अशा माणसालाही हा अपवाद करावासा वाटला, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

घेतलेलं कर्ज फेडायचं नाही, हा लबाडपणा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो मनापासून विचारलेला असतो. बापाचं कर्ज मुलानं फेडावं हा संस्कार आपल्यात खोलवर रुजलेला आहे. पण ज्या परंपरेनं हे कर्तव्य सांगितलं, तिनंच त्याची मर्यादाही सांगून ठेवली आहे. दारू, बाहेरख्याली आणि जुगार यांपायी काढलेलं कर्ज, दंडाची आणि शुल्काची राहिलेली बाकी, वृथा दिलेली दानं, असलं बापाचं देणं मुलानं देऊ नये, असं याज्ञवल्क्यस्मृती स्पष्ट सांगते. तिच्यावरच्या मिताक्षरा या टीकाग्रंथानं हा नियम पुढे नेला आणि इंग्रजी अमदानीत 'अव्यावहारिक ऋण' या नावानं त्यावर न्यायालयांत खटलेही लढले गेले.

सख्ख्या बापाच्या बाबतीत शास्त्र इतकी मोकळीक देत असेल, तर दडपशाहीनं खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उधळपट्टीचा भार तिथल्या शेतकऱ्याच्या, नर्सच्या, शाळेतल्या मुलांच्या डोक्यावर कोणत्या न्यायानं टाकायचा? सरसकट सगळी कर्जं बुडवा, असं इथे कोणी म्हणत नाही. कोणतं कर्ज कोणाचं, एवढं आधी ठरवा, ही मागणी आहे.

प्रत्यक्षात असं कुठे घडलं?

बऱ्याच ठिकाणी. मी फिलिपिन्सचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या विषयाची सगळी अंगं एकाच जागी दिसतात.

फर्डिनांड मार्कोस १९६५ मध्ये निवडून आला. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यानं लष्करी कायदा लागू केला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाच्या रस्त्यांवर उतरलेल्या लाखो लोकांनी त्याला घालवेपर्यंत सत्ता सोडली नाही. तो आला तेव्हा देशाचं परकीय कर्ज एक अब्ज डॉलरच्याही खाली होतं. गेला तेव्हा ते पंचवीस अब्जांच्या पुढे गेलं होतं. मार्कोस कुटुंबानं आणि त्याच्या गोतावळ्यानं पाच ते दहा अब्ज डॉलर लुटल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यातले स्विस बँकांत सापडलेले साडेसहाशे दशलक्ष डॉलर देशाला परत मिळायला २००४ साल उजाडलं.

या कर्जांतलं सगळ्यात बदनाम कर्ज बाताआन अणुवीज प्रकल्पाचं. मोरोंग गावाजवळ, समुद्रकाठी तो उभा राहिला. वेस्टिंगहाऊस कंपनीच्या सुरुवातीच्या प्रस्तावात दोन अणुभट्ट्या सुमारे ५० कोटी डॉलरमध्ये मिळणार होत्या. प्रत्यक्षात ६२० मेगावॉटची एकच भट्टी बांधली गेली आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. अमेरिकी निर्यातीला पैसा पुरवणाऱ्या तिथल्या सरकारी एक्झिम बँकेनं या व्यवहाराला कर्ज आणि हमी दिली. मार्कोसचा गोल्फचा सोबती हर्मिनियो दिसिनी यानं मधल्यामध्ये बेकायदा दलाली घेतली, हे पुढे फिलिपिन्सच्या न्यायालयांनी मान्य केलं. नातिब या ज्वालामुखी पर्वताच्या जवळची ही जागा सुरक्षित नाही, असं तज्ज्ञ आणि स्थानिक लोक पहिल्यापासून सांगत होते.

मार्कोस गेल्यावर कोराझोन अक्विनो यांच्या सरकारनं प्रकल्प बंद ठेवायचं ठरवलं. चेर्नोबिलचा अपघात त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाला. या केंद्रातून लोकांना एक युनिटही वीज मिळाली नाही. तरी त्याचा शेवटचा हप्ता फेडला गेला २००७ मध्ये, म्हणजे मार्कोस पळून गेल्यानंतर एकवीस वर्षांनी. त्याच्या पाडावानंतर जन्मलेल्या मुलांनीही, कमवायला लागल्यावर, या भट्टीसाठी कर भरला.

मग अक्विनो सरकारनं हे कर्ज तेव्हाच का नाकारलं नाही?

सप्टेंबर १९८६ मध्ये अक्विनो अमेरिकी काँग्रेससमोर बोलल्या. आमच्या निर्यातीच्या चार अब्ज डॉलरपैकी दोन अब्ज नुसत्या व्याजापोटी जातात, आणि ज्या कर्जाचा लाभ फिलिपिनो जनतेला कधी मिळालाच नाही त्याचं हे व्याज आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. टाळ्या पडल्या. पण सगळं कर्ज फेडू, असाच शब्द त्यांच्या सरकारनं दिला. निवडक कर्जं नाकारावीत असं मत असलेल्या अर्थतज्ज्ञ सोलिता मोन्सोद त्याच मंत्रिमंडळात होत्या. वित्त खातं आणि मध्यवर्ती बँक यांच्यापुढे त्यांचं चाललं नाही आणि १९८९ मध्ये त्या बाहेर पडल्या.

बाहेरचा दबाव होताच. पण मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आतली आहे. १९७७ मध्ये मार्कोसनं एक फर्मान काढलं होतं. कर्जफेडीची रक्कम अर्थसंकल्पातून आपोआप बाजूला काढली जाईल, त्यासाठी दरवर्षी लोकप्रतिनिधींच्या मंजुरीची गरज नाही, अशी तरतूद त्यात होती. लोकशाही परतली, १९८७ मध्ये नवी राज्यघटना आली, आणि त्याच वर्षीच्या प्रशासकीय संहितेत ही तरतूद जशीच्या तशी उचलली गेली. शाळा आणि दवाखान्यांच्या पैशांवर संसदेत वाद होऊ शकतो, कर्जाच्या हप्त्यावर नाही. हुकूमशहाचं कर्ज आणि ते फेडायची त्याची पद्धत, दोन्ही लोकशाहीनं वारशात घेतलं.

कर्ज देणाऱ्याचा काय दोष? त्याला काय माहीत पैसा कुठे जाईल?

बहुतेक वेळा त्याला माहीत असतं. याचा लेखी पुरावा पाहायचा तर काँगोकडे वळावं लागतं.

मोबुटू सेसे सेको १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर होता. देशाचं नाव त्यानं बदलून झैर केलं होतं. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं एर्विन ब्लुमेन्थाल या जर्मन अधिकाऱ्याला तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवलं. पैसा कुठे मुरतो ते शोधून गळती थांबवायची, हे त्यांचं काम होतं. वर्षभरातच ते परतले. १९८२ मध्ये त्यांनी जो अहवाल लिहिला त्याचा निष्कर्ष असा: इथली लाचखोरी ही राज्यकारभाराचीच रीत आहे, आणि कर्ज देणाऱ्यांनी आपला पैसा परत मिळण्याची कसलीही आशा धरू नये.

यापेक्षा स्पष्ट इशारा काय असू शकतो? तरीही नाणेनिधी, जागतिक बँक आणि पाश्चात्त्य सरकारं झैरला कर्ज देत राहिली. शीतयुद्धात मोबुटू त्यांच्या बाजूचा होता, शेजारच्या अंगोलातल्या युद्धात उपयोगी पडत होता. म्हणजे देणाऱ्यानं पैसा विकासासाठी दिलाच नव्हता. त्यानं निष्ठा विकत घेतली आणि तिची किंमत काँगोच्या लोकांच्या खात्यावर मांडली. मोबुटू पळाला तेव्हा देशावर बारा अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज होतं. मधल्या काळात लाखो माणसांचा बळी घेणारी युद्धं झाली, आणि त्या कर्जातला मोठा भाग रद्द व्हायला २०१० साल लागलं.

मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा गाभा सॅकच्या तिसऱ्या कसोटीतच आहे. हुकूमशहा चोर होता हे सगळेच मान्य करतात. चोराच्या हाती जाणूनबुजून पैसा देणाऱ्याला त्याचा तोटा सोसायला लावायचा की नाही, भांडण त्याबद्दल आहे.

एखाद्या न्यायालयानं हे तत्त्व मानलं आहे का?

जवळपास मानलं आहे. कोस्टा रिकात फेदेरिको तिनोको यानं १९१७ मध्ये बंड करून सत्ता बळकावली आणि १९१९ मध्ये तो देश सोडून पळाला. जाण्याआधी रॉयल बँक ऑफ कॅनडाकडून त्याच्या सरकारनं पैसे घेतले. नव्या सरकारनं ते देणं नाकारलं, बँकेच्या वतीनं ब्रिटन भांडायला उभं राहिलं, आणि प्रकरण लवादाकडे गेलं. लवाद होते अमेरिकेचे सरन्यायाधीश विल्यम हॉवर्ड टाफ्ट, म्हणजे त्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्षच. हा पैसा पळून जाणाऱ्या माणसाच्या परदेशातल्या खर्चासाठी आहे हे बँकेला ठाऊक होतं, असं म्हणून त्यांनी १९२३ मध्ये बँकेचा दावा फेटाळला.

त्याआधी १८९८ मध्ये, क्युबा स्पेनच्या हातून सुटल्यावर, स्पेननं क्युबाच्या नावावर काढलेली कर्जं मान्य करायला अमेरिकेनं नकार दिला होता. ही कर्जं क्युबाच्या लोकांवर लादलेली होती, काही तर त्यांचंच बंड चिरडण्यासाठी काढलेली होती, हा अमेरिकेच्या वाटाघाटी करणाऱ्यांचा युक्तिवाद होता.

अर्जेंटिनात तर देशातल्याच न्यायालयानं निकाल दिला. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथलं परकीय कर्ज आठ अब्जांवरून पंचेचाळीस अब्ज डॉलरच्या घरात गेलं. आलेहांद्रो ओल्मोस या पत्रकारानं खटला भरला आणि अठरा वर्षं तो चिकाटीनं चालवला. जुलै २००० मध्ये न्यायाधीश बालेस्तेरोस यांनी या कर्जव्यवहारांत शेकडो गैरकृत्यं झाल्याचं नोंदवलं आणि कागदपत्रं पुढच्या कारवाईसाठी संसदेकडे पाठवली. संसदेनं काहीच केलं नाही. ओल्मोस निकालाच्या काही महिने आधीच वारले होते.

या विषयासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय न्यायालय नाही. बहुतेक करार न्यूयॉर्क किंवा लंडनच्या कायद्याखाली होतात, आणि तिथल्या न्यायालयांनी हे तत्त्व उघडपणे स्वीकारलेलं नाही.

बलाढ्य देशांनी स्वतः कधी हा युक्तिवाद वापरला का?

वापरला, सोयीनं. २००३ मध्ये सद्दाम हुसेनची सत्ता गेली तेव्हा इराकवर १२० अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज होतं. आता देश अमेरिकेच्या ताब्यात होता, त्यामुळे जुनं देणं अमेरिकेलाच अडचणीचं झालं. गेलेल्या हुकूमशहाच्या कर्जाचं ओझं इराकी जनतेवर पडू नये, असं अमेरिकेचे अर्थमंत्री जॉन स्नो एप्रिल २००३ मध्ये उघड बोलले. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटानं आपल्या वाट्याच्या सुमारे ३९ अब्ज डॉलरपैकी ८० टक्के रक्कम सोडून दिली. पण कागदावर कारण लिहिलं ते इराकला कर्ज झेपत नसल्याचं. 'अवैध' असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी काँगो, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका दारात उभे राहिले असते.

गरीब देशांना कर्जमाफी मिळतेच ना?

मिळते, आणि तिचा उपयोगही होतो. १९९६ मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेनं अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी योजना सुरू केली. 'जुबिली २०००' या जगभरच्या मोहिमेनं तिला धार आणली आणि २००५ नंतर आणखी सूट मिळाली. टांझानिया, युगांडासारख्या देशांत प्राथमिक शाळांची फी बंद झाली, पटसंख्या भराभर वाढली, त्यात या सवलतींचाही हातभार होता.

पण तिथे विचारतात ते एवढंच: तुम्हाला हे कर्ज झेपतं का? ते मुळात तुमचं होतं का, हे विचारत नाहीत. म्हणून फिलिपिन्सला या योजनेतून काही मिळालं नाही, कारण तो 'पुरेसा गरीब' नव्हता. ज्यांना मिळालं त्यांना आधी खर्चात कपात, खासगीकरण अशा अटी पाळाव्या लागल्या. आणि देणाऱ्याला आपल्या चुकीची कबुली द्यावी लागली नाही.

ठळक अपवाद नॉर्वेचा. १९७६ ते १९८० या काळात नॉर्वेनं आपल्या मंदीत सापडलेल्या जहाजबांधणी उद्योगाला काम मिळावं म्हणून गरीब देशांना जहाजं उधारीवर विकली. ऑक्टोबर २००६ मध्ये नॉर्वे सरकारनं जाहीर केलं की ते धोरण चुकलं, जबाबदारीत आमचाही वाटा आहे, आणि इक्वाडोर, इजिप्त, जमैका, पेरू आणि सिएरा लिओन यांच्याकडची सुमारे ५२ कोटी क्रोनरची येणी रद्द केली. रक्कम लहान आहे. पण सावकारानं असं लेखी म्हणणं ही मोठी गोष्ट होती.

कर्ज नाकारलं तर पुन्हा कोण देईल?

ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या सरकारनं वर्णद्वेषी राजवटीचं कर्ज फेडायचं ठरवलं ते याच भीतीपोटी. गुंतवणूकदार पाठ फिरवतील, असं त्यांना वाटलं. ज्या राजवटीनं काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या तिची देणी त्याच माणसांच्या करातून गेली.

इक्वाडोरनं वेगळा मार्ग निवडला. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी कर्जाच्या लेखापरीक्षणासाठी आयोग नेमला. १९७० च्या दशकातल्या लष्करी राजवटीपासूनचे करार त्यानं तपासले. ते कर्ज वेळोवेळी नवं रूप देऊन कसं फुगवलं गेलं, बेकायदा कलमं कशी घातली गेली, हे दाखवणारा अहवाल २००८ मध्ये आला. त्याआधारे डिसेंबरमध्ये सरकारनं काही रोख्यांचं व्याज थांबवलं आणि २००९ मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे डॉलरमागे साधारण ३५ सेंट देऊन परत विकत घेतले. २०१४ मध्ये इक्वाडोर पुन्हा आंतरराष्ट्रीय बाजारात उतरला आणि त्याला कर्ज मिळालं. पुढची त्याची वाटचाल सुरळीत झाली असं नाही, तेलाच्या पडलेल्या किमतींनी त्याला नंतर गाठलंच. पण कर्ज नाकारलेल्याला बाजार कायमचा बंद होतो, हे खरं ठरलं नाही.

कर्जाच्या कागदामागे जाऊन त्याचा इतिहास तपासायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव झाला, शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायालयांना नेमका हाच अधिकार दिला: रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता ते पाहा.

अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि सीमा जयचंद्रन यांनी आणखी एक मार्ग सुचवला आहे. एखादी राजवट सत्तेवर असतानाच तिला अवैध ठरवायचं, म्हणजे त्यानंतर तिला कर्ज देणारा स्वतःच्या जोखमीवर देईल. मला हा उपाय पटतो, कारण त्यात पैसा हुकूमशहाच्या हाती पडण्याआधीच अडतो.

भारतावर असं कर्ज कधी होतं का?

होतं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्च भारताच्याच कर्जात मांडला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना लाभांश देण्याची आणि शेवटी त्यांचे भाग विकत घेण्याची रक्कमही भारतीय महसुलातूनच आली. बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आगगाडीच्या कंपनीसह रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला की फरक भारतीय रयत भरत असे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा जो हिशोब मांडला त्यात लंडनला जाणारी ही देणी महत्त्वाची होती.

१९२२ च्या गया अधिवेशनात काँग्रेसनं ठराव केला की यापुढे हे सरकार जी कर्जं काढेल ती स्वतंत्र भारतावर बंधनकारक राहणार नाहीत. कराचीच्या अधिवेशनानंतर १९३१ मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यातल्या आर्थिक देण्याघेण्याची छाननी करायला समिती नेमली गेली. भुलाभाई देसाई, डी. एन. बहादुरजी आणि के. टी. शहा ही मुंबईतली मंडळी तिच्यात होती आणि निमंत्रक होते जे. सी. कुमारप्पा. भारताच्या हितासाठी न काढलेलं कर्ज भारतानं का द्यावं, हा प्रश्न त्यांनी खात्यावार आकडे मांडून विचारला. इक्वाडोरच्या आयोगाच्या पाऊणशे वर्षं आधीचं हे काम आहे.

प्रत्यक्षात निवाड्याची वेळ आली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं भारताकडून इतका माल आणि सेवा उधारीवर घेतल्या की भारताच्या नावावरचं जुनं पौंडातलं (स्टर्लिंग) कर्ज फिटलं आणि उलट ब्रिटनच भारताचं देणेकरी झालं. ही उधारी भारतीयांनी कशी सोसली हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाकडे पाहिलं की कळतं.

हे सगळं जुनं झालं. आज असं घडतं का?

घडतं. मोझांबिकमध्ये २०१३ आणि २०१४ मध्ये संसदेला अंधारात ठेवून दोन अब्ज डॉलरची कर्जं काढली गेली. मासेमारीच्या आणि किनारा संरक्षणाच्या बोटींसाठी ती आहेत असं सांगितलं गेलं होतं. क्रेडिट सुईस या बँकेनं त्यांतली मोठी कर्जं उभी करून दिली. प्रकरण उघड झाल्यावर इतर देणगीदारांनी मदत थांबवली, चलन कोसळलं, धान्य महागलं. तिथे सरकार निवडून आलेलं होतं, पण संमती नव्हती, लाभ नव्हता आणि बँकेच्या काही अधिकाऱ्यांनी लाच घेतल्याचं स्वतःच कबूल केलं. घटनेविषयीचे वाद निकालात काढणाऱ्या तिथल्या घटना परिषदेनं २०१९ आणि २०२० मध्ये या कर्जांना सरकारनं दिलेल्या हमी रद्दबातल ठरवल्या.

२०१७ मध्ये व्हेनेझुएलात माणसं औषधांवाचून मरत असताना गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनं तिथल्या सरकारी तेल कंपनीचे २.८ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे रोखे सुमारे ८६ कोटी ५० लाख डॉलरना घेतले. त्याच सुमारास काही अर्थतज्ज्ञांनी अशा रोख्यांना 'भुकेचे रोखे' म्हणायला सुरुवात केली होती.

भारतीय नागरिक म्हणून आपण काय करू शकतो?

भारत आता कर्ज देणाऱ्यांच्या रांगेतही उभा आहे. आपल्या एक्झिम बँकेचं मुख्यालय मुंबईत आहे आणि भारत सरकारच्या वतीनं ती आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांना सवलतीची कर्जं देते. ओमर अल-बशीर सत्तेवर असताना सुदानमध्ये कोस्ती इथे 'भेल'नं बांधलेलं वीजकेंद्र अशाच कर्जातून उभं राहिलं. त्यातून प्रत्यक्षात वीज मिळाली, म्हणून बाताआनशी त्याची तुलना करणं अन्यायाचं होईल. पण अशी कर्जं कोणत्या राजवटींना, कोणत्या अटींवर दिली जातात, तिथल्या लोकांना त्याची माहिती असते का, पैशानं खरेदी झालेला माल रास्त भावाचा होता का, हे प्रश्न संसदेत फार क्वचित विचारले जातात. आपल्या खासदाराला ते लेखी विचारता येतात. एक्झिम बँक सरकारी असल्यानं माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो.